साध्या मॉडेलचं ताट

नांदेड,
१४ मार्च २०१६

श्रीमती उमादेवी वहिनींना साहेबरावचा नमस्कार.

वहिनी, पाच वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही. तुमचा दगडोबा मेकॅनिक बोलला, वहिनींना फोनवर बोलवत नाही, पत्र लिहा. शाळा सुटल्यापासून मी टेंडरशिवाय काही लिहिलेलं नाही. तुम्ही मुखेडला मास्तरीण होता, चुकलं तर मार्क कापा.

आधी माफी मागतो. चन्नबसप्पाला नेलं त्या दिवशी मी जे बोललो ते भावनेच्या भरात बोललो. तुमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. मी म्हटलं, बसवायचंच हाय तर त्याच्या लाडक्या गाडीत बसवू. दार उघडून आम्ही सीटसुद्धा मागं सरकवली होती. मग तुमच्या थोरल्या दिरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप फुलांच्या खुर्चीला खांदा दिला. चुकलं. पण दोस्तीत चुकलं.

आता कामाचं. आपल्या स्पोर्ट्स कार मित्रमंडळानं ठराव केलाय. एक मे, रविवार, नांदेड ते उदगीर, 'चन्नबसप्पा स्मृती दौड'. सोबत उदगीर जिल्हा झालाच पाहिजे ही मागणी. सहा गाड्या, सहा झेंडे. क्रम नेहमीचा : पुढं पाच एस मॉडेल, म्हणजे जादा ताकदीची, शेवटी मुखेडचा धोंडप्पा, साधं मॉडेल. सगळ्यात पुढं चन्नबसप्पाची पिवळी गाडी, बॉनेटवर त्याचा फोटो. गाडी दगडोबानं चालवायची. कलम तिसरं नेहमीचंच, गाडी धुऊन पुसून यावी.

लातूरचे तिघं यंदा शहाणपणा करून राहिलेत. क्लासवाले सर म्हणतात, क्रम आरसी बुक बघून लावा. मी म्हटलं, सर, दोस्तीत कागद दाखवायची वेळ आली तर दोस्ती संपली. गाडीच्या मागं 'एस' हाय ना? मग झालं.

धोंडप्पाचं मात्र मला हसूच येतं. आम्हा पाच जणांच्या मागं ते चंदेरी अक्षर, त्याच्या मागं त्याच जागी बसवेश्वराचं स्टिकर. चन्नबसप्पा म्हणायचा, "एसला अक्षर मिळतं, साध्याला देवावर भागवावं लागतं!" काय हसायचो आम्ही. धोंडप्पा पण हसायचा बिचारा.

जेवण दरवर्षी तुमच्याकडं असायचं. यंदा तुम्ही म्हणाल तसं. कळवा.

तुमचा,
साहेबराव
(अध्यक्ष)


उदगीर,
२३ मार्च २०१६

साहेबराव भाऊजींना नमस्कार.

पत्र मिळालं. मार्क कापलेले नाहीत.

माफीची गरज नव्हती. त्या गाडीचं छत इतकं खाली आहे की हयात असताना यांना बाहेर काढायला दोन माणसं लागत. त्या दिवशी यांची कुणी अशी ओढाताण केली नाही, एवढं पुरे. तुम्ही मागं सरकवलेली सीट अजून तशीच आहे. मी कधी कधी दार उघडून आत बसते. पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत.

आमच्यात सुतक धरत नाहीत, त्यामुळे दौडीला अडचण नाही. जेवणालाही नाही. फक्त कलम तिसरं जमणार नाही. आमच्या गल्लीत टँकर नवव्या दिवशी येतो. लातूरला रेल्वेनं पाणी आणणार अशी चर्चा आहे. ते पाणी गाड्या धुवायला वापरायचं आहे का, हे लातूरच्या सदस्यांना विचारून घ्यावं. नसल्यास सहाही गाड्या धुळीच्या आणाव्यात. जिल्हा मागायला जाताना धुळीची गाडी जास्त शोभेल.

तुम्ही आरसी बुकाचं लिहिलंत, म्हणून मी कपाटातून काढलं. मला वाटलं, यांची गाडी पुढं राहणार, तर कुणी विचारलं तर पहिला कागद यांचाच दाखवावा. यांना ते आवडलं असतं. पण त्यात मॉडेलचं जे नाव आहे त्याच्यापुढं 'एस' नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दगडोबालाही दाखवलं. तो म्हणाला, बाईसाहेब, ही गाडी साधीच हाय, मला चार वर्षांपासून माहीत हाय, साहेबांनी शपथ घातली होती.

तो असंही म्हणाला की कंपनीचं अक्षर दोन बारीक पिनांवर बसवलेलं असतं. आमचं डिंकानं चिकटवलंय. पिना कानसीनं घासून काढल्यात.

भाऊजी, यात माझी काही समजुतीची चूक होत असेल तर सांगा. चार वर्षं मी तुमच्या पंगती वाढल्या. यांनी मला शिकवलं होतं, आधी एसवाल्यांची ताटं, मग साध्याचं. मी तसंच करत आले. पाचांचं निम्मं जेवण होईपर्यंत धोंडप्पा अण्णा रिकामं ताट घेऊन बसत. यांचं अक्षर खोटं असेल, तर मी एका माणसाला चार वर्षं कशासाठी थांबवलं?

उमादेवी


नांदेड,
२८ मार्च २०१६

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि घाम फुटला. ऊन बी तसंच हाय म्हणा, बेचाळीस.

आरसीत चूक असू शकते. क्लार्क लोक घाईत लिहितात. माझ्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरच्या कागदावर 'स्कूटर' लिहून आलं होतं. तरी पण समजा, समजा हं, चन्नबसप्पानं हौसेनं अक्षर लावलं असेल. त्यानं कुणाचं काय बिघडलं? एसला दीडशे घोडे जास्त असतात म्हणे, पण आपल्या रस्त्यावर त्यांना पळायला जागा कुठं? रस्ते मीच बांधलेत, मला माहीत हाय. स्पीडब्रेकर आला की आम्ही सगळे उतरून फळ्या टाकतो. फळी टाकताना एस काय अन् साधं काय.

म्हणून सांगतो, आरसी बुक कुणाला दाखवू नका. लातूरवाल्यांना तर नाहीच. कपाटात ठेवा, किल्ली देवघरात ठेवा. मेलेल्या माणसाची इज्जत आता तुमच्या आणि माझ्या हातात हाय. मी त्याचा यार होतो, ही गोष्ट माझ्यासोबत जाईल.

आणि रागाच्या भरात ते अक्षर ओढू नका! ब्लेड तर लावूच नका, रंगावर कायमचा चरा पडतो. काढायचंच झालं तर कडक पाण्यात फडकं भिजवून दहा मिनिटं धरायचं, मग शिवणाचा जाड दोरा डावीकडून घालून करवतीसारखा ओढायचा, अक्षर अलगद हातात येतं. राहिलेला डिंक खोबरेल तेलानं चोळला की जातो. पुन्हा बसवायचं तर सावलीत बसवायचं, उन्हात वाकडं बसतं. पण काढू नका. हात जोडतो.

धोंडप्पाच्या ताटाचं मनाला लावून घेऊ नका. तो साधा माणूस हाय, त्याला सवय हाय.

साहेबराव


उदगीर,
५ एप्रिल २०१६

धोंडप्पा अण्णांना शरणु शरणार्थी.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. चार वर्षांत आपलं बोलणं "अण्णा, आणखी आमटी?" आणि "बस, अक्का" एवढंच झालं असेल.

गाडी आणायला हैदराबादला तुम्ही आणि हे एकत्र गेला होता. म्हणून तुम्हालाच विचारते. यांच्या गाडीवरचं 'एस' अक्षर कुठून आलं? कागदावर गाडी साधी आहे. साहेबराव भाऊजींनी मला मोठ्या मायेनं लिहिलं की ही गोष्ट झाकून ठेवा. मला त्यांचं कौतुक वाटलं. पण झोपडीवर पत्रा टाकावा तसं हे झाकणं मला जमत नाही.

एक मेला यांची गाडी पुढं ठेवायची आणि तुमची मागं, असं ठरतंय. पुढं नेली तर खोटं पुढं जाईल, आणि तुम्ही पुन्हा त्याच्या मागं. मागं नेली तर लोक कारण विचारतील आणि गेलेल्या माणसाला हसतील. मला एक काहीतरी ठरवायचं आहे. खरं काय ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. जे असेल ते लिहा. मला वाईट वाटेल म्हणून गाळू नका.

तुमची,
उमादेवी


मुखेड,
१२ एप्रिल २०१६

उमादेवी अक्काला शरणार्थी.

अक्का, तुमचं पत्र दुकानात आलं. भुसार दुकानात गिऱ्हाईकासमोर वाचता येईना, म्हणून पोत्यांच्या मागं जाऊन वाचलं.

तुम्ही गाळू नका म्हणता, म्हणून लिहितो. ते अक्षर माझं हाय.

आम्ही दोघं संगं गेलतो. शोरूमला एस मॉडेल एकच होतं, दुसरं आठ महिन्यांनी मिळणार होतं. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या नावाची निघाली. चन्नबसप्पानं साधी घेतली. परत येताना बीदरला चहाला थांबलो तर त्यानं चहा घेतला न्हाई. नुसता माझ्या गाडीच्या मागं बघत उभा. मला हिकडं दुसराच घोर लागला होता. आमच्या वडलांनी, गुरुपादप्पांनी, गाडीला हो म्हणलं होतं ते एका अटीवर : घ्यायची तर साधी घे, गावात माती उडती आणि तू मिरवू नको. मी एस घेऊन निघालो होतो. ते अक्षर घेऊन मुखेडात शिरलो असतो तर वडील घरात घेतले नसते.

त्याला अक्षर दाखवायचं होतं, मला लपवायचं होतं. तिथंच बीदरला, टपरीवाल्याकडून पक्कड घेऊन काढलं. दोन भोकं राहिली, त्यावर स्टिकर लावलं. देवाला त्या कामाला लावलं, ही माझी चूक.

पहिले दोन महिने चन्नबसप्पा माझ्याकडं बघून डोळा मारायचा. तिसऱ्या महिन्यात त्याला सोताला खरं वाटाय लागलं. चवथ्या महिन्यात तो मला स्टिकरवरून हासला. तवा मला राग आला होता. जळकोटच्या चढावर सांगून टाकणार होतो. पण अक्का, त्या चढावर काय दिसलं सांगू? पाचही गाड्या धापा टाकायल्यात आणि मी मागं ब्रेक दाबून बसलोय. पाचही, म्हणतो मी. जास्त सांगत न्हाई. तवापासून मला मागं राहण्यात लई मजा यायली. पुढच्याला फक्त रस्ता दिसतो. मागच्याला सगळ्यांचा जोर दिसतो.

ताटाचं वाईट वाटून घेऊ नका. तुमची भाकरी गार झाली तरी गोड लागायची. एकदाच मनाला लागलं. दोन वर्षांमागं वडील संगं होते त्या दिवशी. मी साधा, म्हणून माझ्यासंगं त्यांचं पण ताट शेवटी आलं. ऐंशी वर्षांचा माणूस, सगळे खात होते आणि ते हात धुऊन बसले होते. वाटंत म्हणले, "ह्या घरात आपलं काय चुकलं रे?" 

तुमचा,
धोंडप्पा

ता.क. लातूरला आज रेल्वेनं पाणी आलं म्हणून टीव्हीवर दाखवून राहिलेत. आमचं मुखेड नव्या जिल्ह्यात घ्यायचं म्हणत्यात. आमची एवढीच विचारणा हाय, टँकर कोणत्या जिल्ह्यातून येणार?


उदगीर,
१६ एप्रिल २०१६

धोंडप्पा अण्णांना शरणु शरणार्थी.

गुरुपादप्पा आजोबांचा तो दिवस मला आठवतो. पांढरी टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती. मी दोन वेळा भाकरीची टोपली घेऊन त्यांच्यासमोरून गेले. हे म्हणाले होते, क्रम मोडायचा नाही. मी क्रम मोडला नाही. मी सात वर्षं मुलांना शिकवलं, आणि समोरचा म्हातारा माणूस मला दिसला नाही. यात यांची चूक किती आणि माझी किती, हे मी रोज वाटून बघते. दर वेळी माझ्या वाट्याला जास्त येते.

मला यांचा राग आला. मग आठवलं की बीदरहून आले त्या दिवशी यांनी मला हाताला धरून गाडीच्या मागं नेलं होतं आणि अक्षरावर हात फिरवायला लावला होता. म्हणाले होते, "बघ, आपलं." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता. तो आनंद खोटा नव्हता, अण्णा. तेव्हा त्यांना ठाऊक होतं की हे दुसऱ्यानं दिलंय. नंतर ते विसरले.

आज ते अक्षर काढलं. एक तांब्या पाणी तापवलं. तेवढंच शिल्लक होतं. दोऱ्यानं अलगद निघालं. सोबतच्या डबीत आहे. आमच्या डाळ मिलचा ट्रक मुखेडवरून जाणार आहे, त्याच्यासोबत पाठवते. तुमची वस्तू तुमच्याकडे पोचली की मला दोन ओळी लिहा.

उमादेवी


मुखेड,
२० एप्रिल २०१६

अक्का,

डबी पोचली. पण माझ्या हातात न्हाई पोचली. मी कापसाच्या जिनिंगला गेलतो, वडील दुकानात होते. त्यांनी उघडली.

मी आलो तर अक्षर तराजूत होतं. वजन करून झालं होतं. अठरा ग्रॅम. म्हणले, "हे काय हाय?" मला खोटं सुचलं न्हाई. सगळं सांगितलं. शोरूम, चिठ्ठी, बीदर, स्टिकर, समदं. ते ऐकून घेतले. मग म्हणले, "म्हणजे त्या दिवशी माझं ताट अठरा ग्रॅमनं मागं राहिलं म्हण की."

मला वाटलं आता गाडी विकायला लावत्यात. पण म्हणले, "जोर असून मागं राहिलास, ह्याचं मला काही वाटत न्हाई. बापाला साधं म्हणून फिरवलास, त्याचं वाटतं. आणि मला काय कळत नव्हतं का? बसलं की पाठ सीटला चिकटती. साधी गाडी म्हाताऱ्याला असं चिकटवत न्हाई."

अक्षर लावू नको म्हणले. स्टिकर पण काढ म्हणले, देव भोकं बुजवायला नसतो. आता मागं नुसती दोन भोकं हायेत. ज्याला कळायचं त्याला कळंल.

एक मेला ते येतो म्हणायलेत. मी म्हणलो, तिथं पंगतीत पुन्हा तसंच झालं तर? म्हणले, "बघू की, त्या बाईनं डबी पाठवलीया."

धोंडप्पा


नांदेड,
२२ एप्रिल २०१६

वहिनीसाहेब,

आनंदाची बातमी. लातूरवाल्यांनी आरसी बुकाचा आग्रह सोडला. क्लासवाले सर स्वतः फोनवर म्हणाले, इतका दुष्काळ पडलाय, रेल्वेनं पाणी येतंय, अशा वेळी मॉडेलवरून वाद करणं शोभत नाही. मी लगेच म्हटलं, सर, तुमच्यासारखा समंजस माणूस नाही. बाकी दोघांना पण एकदम दुष्काळ आठवला. किती मोठ्या मनाचे लोक आहेत आपल्यात!

तेव्हा क्रम ठरला. पुढं चन्नबसप्पाची गाडी, मग माझी, मग लातूरच्या तीन, शेवटी धोंडप्पा. गाडी धुण्याचं कलम तुमच्या शब्दाखातर स्थगित. कापडावर 'उदगीर जिल्हा' लिहून तयार हाय.

तुम्ही अक्षर काढलं नाही ना? पत्र नाही तुमचं, म्हणून धाकधूक होते. त्याच्या इज्जतीसाठी हो, दुसरं काय.

साहेबराव


उदगीर,
२६ एप्रिल २०१६

साहेबराव भाऊजींना नमस्कार.

अक्षर काढलं. तुम्ही सांगितलेली कृती अगदी अचूक निघाली. गरम फडकं दहा मिनिटं, दोरा डावीकडून, नंतर खोबरेल. रंगाला चरासुद्धा पडला नाही. दगडोबा म्हणाला, सोता दोन-तीनदा केल्याशिवाय इतकं नेमकं कुणाला सांगता येत नाही. मी त्याला गप्प केलं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये.

तुम्ही यांची इज्जत झाकायचं म्हणालात, ते मी मनापासून खरं मानलं होतं. आताही खरं मानते. फक्त झाकताना पांघरूण कुणाकुणावर पडत होतं, ते उशिरा लक्षात आलं. काळजी करू नका. मी कुणाकडे काही बोलणार नाही. यांच्याबद्दल मात्र कुणी विचारलं, तर खरं सांगेन, गाडी साधी होती आणि ती यांना फार आवडायची.

गाडी नांदेडला येईल. दगडोबा शेजारी बसेल, चालवीन मी. लायसन्स मिलच्या जीपवर काढलेलं आहे, अजून चालतं. रोज सकाळी मार्केट यार्डात सराव करते. काल सीट पुढं ओढली. बराच वेळ ओढवेना, मग ओढली. आता पाय पोचतात.

माझी गाडी शेवटी राहील. तिच्यावर फोटो लावू नये. पुढं धोंडप्पा अण्णांची गाडी ठेवावी, त्यांच्यासोबत गुरुपादप्पा आजोबा आहेत, त्यांना धूळ सोसत नाही. हे कारण मंडळाच्या वहीत लिहायला चांगलं आहे. अण्णांच्या गाडीच्या मागं दोन भोकं दिसतील. त्या भोकांबद्दल काही विचारू नये, असं मी सुचवेन. उत्तर ऐकावं लागेल.

तुम्ही त्यांच्या मागं असाल. जळकोटच्या चढावर त्यांना गाठायला जाऊ नका. आमच्या साध्या गाडीला तो चढ झेपत नाही असं कळलं आहे, म्हणून आपलं सांगून ठेवते.

जेवण आमच्याकडेच. पाणी टँकरचं आहे, पण शिजवायला पुरेल. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. पहिलं ताट गुरुपादप्पा आजोबांना, मग धोंडप्पा अण्णांना. पुढचा क्रम मला ठरवता येत नाही, म्हणून सर्वांनी येताना आपापलं आरसी बुक आणावं. त्यावरून वाढीन. ज्यांना कपाटाची किल्ली सापडणार नाही त्यांनी संकोच करू नये. भाकरी गार असेल, पण कमी पडणार नाही.

मी सगळ्यांच्या नंतर जेवेन. आमची गाडी साधी आहे.

उमादेवी